काकड्यात चौथ्या दिवशी वरचा सा फाटतो? घशाआधी मान तपासा

कोजागिरी झाली की आमच्या गावात काकडा, म्हणजे देवळातलं महिनाभराचं पहाटेचं भजन, सुरू होतो, आणि दरवर्षी चौथ्या-पाचव्या पहाटे मंडळातला कोणी ना कोणी अंतऱ्याला वर जाताना चिरकतो. मग सगळ्यांचं बोलणं ठरलेलं. "थंडं पाणी पेला असशील." "रात्री दही खाल्लं काय बावा?" मोझरीला तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला जाऊन आलेली खंजिरी मंडळं, सप्ताहात गाणारे, बायकांची हरिपाठ मंडळं, सगळ्यांकडून हाच प्रश्न मला येत राहतो. म्हणून एकदाचं नीट लिहून ठेवतो. मी पेटी वाजवतो आणि चाल सांगतो, वीसेक वर्षं झाली. डॉक्टर नाही. पण हा त्रास मी लागोपाठ तीन हिवाळे भोगला आणि त्याचं मूळ सापडायला मला उगाच उशीर झाला. तुमचा तेवढा वेळ वाचावा असं मनापासून वाटतं.

आधी तुमचा त्रास हाच आहे का ते बघा. खालच्या आणि मधल्या सप्तकात आवाज ठणठणीत असतो. बोलताना काही कळत नाही. वरच्या सा कडे जाताना आवाज आधी पातळ होतो, मग दाबून काढल्यासारखा येतो आणि टिपेला फाटतो. गाणं संपल्यावर जबड्याखाली ओढ बसते, मानेच्या दोन्ही बाजूंच्या उभ्या दोऱ्या ठणकतात. दोन दिवस आराम केला की सगळं ठीक, पुन्हा पेटीवर बसलं की पुन्हा तेच. असं असेल तर पुढचं वाचा. बोलतानाही आवाज घोगरा येत असेल तर ती गोष्ट वेगळी, तिच्याबद्दल खाली लिहिलं आहे.

मी ते तीन हिवाळे ज्येष्ठमध, खडीसाखर आणि काळी मिरी चघळत काढले. घशाला बरं वाटायचं, सूर काही लागायचा नाही. कारण साधं आहे. गिळलेली कोणतीच वस्तू स्वरपट्ट्यांना लागत नाही. आपण घास गिळतो तेव्हा स्वरयंत्रावर झाकण पडतं आणि घास मागच्या अन्ननलिकेतून खाली जातो. चुकून एक थेंब पट्ट्यांकडे गेला तर ठसका लागून जीव कासावीस होतो. म्हणून ज्येष्ठमध जरूर खा, पण त्यानं वरचा सा परत येईल ही आशा धरू नका. वाफ मात्र पट्ट्यांपर्यंत पोचते. हिवाळ्यात सोयाबीन-तुरीच्या मळणीचा धुराळा अंगावर घेऊन संध्याकाळी गायचं असेल तर आधी साध्या पाण्याची वाफ घ्या. त्यात काही टाकायची गरज नाही.

माझं खरं कारण चौथ्या वर्षी सापडलं, तेही मोबाईलवर. पुतणीनं काकड्याचा व्हिडिओ केला होता, बाजूनं बसून. मी तो बघत होतो आणि गाणं ऐकायचं विसरून माझी मानच बघत राहिलो. पेटी जमिनीवर, माईकची दांडी उंच. पाठीला पोक आलेला, डोकं पुढे आलेलं आणि तोंड माईकपर्यंत नेण्यासाठी हनुवटी वर उचललेली. स्वर जसजसा चढत होता तसतशी हनुवटी आणखी वर जात होती आणि गळ्यातली घाटी सरकत सरकत पार जबड्याखाली जाऊन बसत होती. जिथं ती अडकली तिथंच आवाज फाटला. व्हिडिओत तो तीनदा फाटला, तिन्ही ठिकाणी तसंच.

तरी शंका नको म्हणून जिल्ह्याच्या ठिकाणी कान-नाक-घशाच्या तज्ज्ञांना दाखवून आलो. त्यांनी दुर्बिणीतून पट्ट्या पाहिल्या, गाठ नाही, सूज नाही म्हणाले आणि वाचा-उपचार करणाऱ्या ताईंकडे पाठवलं. ताईंनी माझ्या घाटीवर दोन बोटं हलकेच ठेवली आणि सा पासून वरच्या सा पर्यंत जायला सांगितलं. मी गेलो. त्या म्हणाल्या, "दादा, तुमचा आवाज कमी आणि घाटीच जास्त चढून राहिली."

हे जे बोटानं कळतं ते तुम्हीही आत्ता करून बघा. पुढचं सगळं त्यावरच आहे.

गळ्यासमोर जो टणक उंचवटा लागतो ती घाटी. ती ढालीसारखी एक कूर्चा आहे. तिच्या आत पुढून मागे दोन स्वरपट्ट्या बांधलेल्या असतात. बाप्या माणसाच्या साधारण पावणेदोन ते अडीच सेंटिमीटर लांब, बाईच्या सव्वा ते पावणेदोन. बोटाच्या एका पेराएवढा सगळा कारभार! घाटीवरून बोट सरळ खाली सरकवलं की एक बारीक खाच लागते आणि तिच्याखाली आणखी एक गोल कडा. ही दुसरी कूर्चा अंगठीसारखी आहे, तिचं नावच मुद्रिका. खाचेच्या दोन्ही बाजूंना, ढाल आणि अंगठी यांना जोडणारा एक छोटा स्नायू आहे. तुणतुण्याची खुंटी समजा. तो आवळला की ढाल आणि अंगठी समोरून जवळ येतात, आतल्या पट्ट्यांची दोन टोकं लांब जातात, पट्ट्या ताणून पातळ होतात आणि सूर चढतो.

आता खाचेवर बोटाचं टोक नुसतं टेकवा, दाबू नका. तोंड मिटून 'म्‌' असा सूर धरा आणि खालच्या सा पासून हळूहळू वर सरका. खाच बारीक होत जाते ते बोटाला लागतं. कोणाला पहिल्याच वेळी लागतं, कोणाला दोन-चार दिवसांनी. सूर चढायला मुळात एवढंच काम पुरतं. त्यात हनुवटीचं, भुवयांचं, खांद्यांचं काही काम नाही.

मला इथं एका माणसाची फार आठवण येते. 1854 साली मॅन्युएल गार्सिया नावाच्या एका गायनशिक्षकानं दातांच्या डॉक्टरचा असतो तसा छोटा आरसा आणि सूर्याचा उजेड वापरून स्वतःच्याच स्वरपट्ट्या हलताना पाहिल्या. तो वैद्य नव्हता, गाणं शिकवणारा होता. गळ्यात काय चाललंय हे बघायची ओढ गाणाऱ्यालाच आधी लागली, याचं मला अप्रूप वाटतं.

मग मान मधे कुठून आली?

स्वरयंत्र हाडाला घट्ट बसवलेलं नाही, ते लोंबतं. घाटीच्या वर घोड्याच्या नालेसारखं एक छोटं हाड आहे, कंठिका. आपल्या शरीरातलं हे वेगळंच हाड, दुसऱ्या कोणत्याही हाडाशी याचा सांधा नाही. वरून त्याला जबड्याचे, जिभेच्या मुळाचे आणि कानामागच्या भागातून आलेले स्नायू धरून ठेवतात. खालून छातीच्या मधल्या हाडाकडचे पट्टे ओढून धरतात. आणि त्या कंठिकेला स्वरयंत्र टांगलेलं. चारी बाजूंनी दोऱ्या बांधलेला पाळणाच आहे तो. एक दोरी ओढली की पाळणा तिकडे जातो.

हनुवटी वर केली की जबड्याखालच्या दोऱ्या पाळण्याला वर खेचतात. त्याला धरून ठेवायला खालचे पट्टे आवळतात. या ओढाताणीत ढाल आणि अंगठी जखडल्यासारखी होतात आणि ती इवलीशी खुंटी पिळायलाच वाव राहत नाही. सूर तर वर न्यायचा आहे, मग आपण काय करतो? खालून हवेचा जोर लावतो. पट्ट्या जोरानं एकमेकींवर आपटतात, सुजतात, आणि सुजलेली पट्टी जड असते, ती वेगानं थरथरत नाही. पहिल्या दिवशी पहाटे जे निभतं ते चौथ्या दिवशी का निभत नाही त्याचं उत्तर हे. सूज रोज थोडी थोडी साचत जाते. शिवाय स्वरयंत्र वर चढलं की घशाची नळी आखूड होते, म्हणून सूर लागला तरी तो पातळ आणि चपटा ऐकू येतो.

खालच्या सुरांचाही मानेशी संबंध आहे. आपल्या मानेचे मणके सरळ रांगेत नसतात, पुढच्या बाजूला हलका बाक असतो. जपानमधल्या संशोधकांनी 1999 साली एमआरआय चित्रांवरून दाखवलं की खालच्या सुराला स्वरयंत्र त्या बाकावरून खाली सरकतं, तेव्हा अंगठी थोडी कलते आणि पट्ट्या सैल पडतात. पोक काढून डोकं पुढे घालून बसलं की हा बाक बिघडतो. माझा मंद्र पंचम जो गेला होता तो मान सरळ झाल्यावर आपोआप परत आला. त्यावर मी वेगळी मेहनत केली नाही.

आता दुरुस्ती. सगळ्यात आधी पेटी उचला. जमिनीवरच्या पेटीवर बोटं नेण्यासाठी माणूस वाकतोच. मी जेवायचा पाट पालथा घालून त्यावर दुहेरी सतरंजी ठेवतो आणि तिच्यावर पेटी. स्वतःच्या बुडाखालीही एक उशी घेतो, कमरेचा बाक त्यामुळे टिकतो. मांडी घालून गुडघे कमरेच्या वर जात असतील तर पाठीला पोक येणारच. मग माईक. माईक ओठांच्या थोडा खाली असावा, म्हणजे तोंड त्याच्याकडे जाताना मान वर होत नाही. साऊंडवाला पोरगा दांडी उंच लावून निघून जातो. त्याला थांबवा आणि आपण बसल्यावर लावायला सांगा. वहीसुद्धा पेटीवर आडवी ठेवू नका, समोर उभी टेकवा. माझी हनुवटी आता कुठं असते ते सांगतो: गळ्याच्या खळगीपासून हनुवटीपर्यंत माझीच चार बोटं आडवी मावतात, वर जाताना पाचवं मावायला लागलं की समजायचं, चढली.

खंजिरीवाल्यांना वेगळं सांगायचं आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांमुळे आपल्याकडे गावोगाव खंजिरी गेली आणि खंजिरी वाजवणारा बहुधा स्वतःच गातो. एका हातात खंजिरी खांद्यापर्यंत उचलून धरायची, दुसऱ्या हातानं थाप मारायची. दीड तास असं केलं की तो खांदा कानाकडे चढलेलाच राहतो. मला ताईंनी सांगेपर्यंत माहीत नव्हतं की खांद्याच्या पात्यापासून निघून थेट त्या कंठिकेपर्यंत जाणारा एक लांब, दोरीसारखा स्नायू आहे. खांदा जखडला की त्याची ओढ एका बाजूनं स्वरयंत्राला लागते. आमच्या मंडळातले एक आजोबा खंजिरी आता छातीच्या उंचीवर धरतात आणि दर अभंगानंतर हात मांडीवर सोडतात. त्यांचा आवाज सत्तरीतही अंतऱ्याला सरळ जातो.

बायकांच्या मंडळांचा त्रास कार्तिकात जास्त का होतो, हे शोधायला मला वेळ लागला. सीतादही (वेचणीआधीची शेतातली पूजा) झालं, कपाशीची वेचणी लागली की बाई सकाळपासून वाकलेली. कमरेला कापसाची ओटी, पाठ खाली आणि पुढची ओळ बघण्यासाठी मान वर. म्हणजे माझ्या व्हिडिओत जी मान होती तीच, सहा-सात तास. वर डोक्यावर गाठोडं घेऊन घरी यायचं आणि संध्याकाळी हरिपाठाला बसायचं. मानेचा मागचा भाग लाकडासारखा झालेला असतो. काकूंना मी एवढंच करायला सांगितलं: हरिपाठाच्या आधी दहा मिनिटं चटईवर उताणं पडायचं, गुडघे दुमडायचे, डोक्याखाली दोन बोटं जाडीची गोधडीची घडी, आणि मिटल्या तोंडानं गुणगुणायचं. पडल्यावर हनुवटी आपोआप खाली येते. "दहा मिन्टं कोण देते बाप्पा आमाले," असं म्हणाल्या होत्या. आता रोज करतात, सुनेलाही शेजारी झोपवतात.

एक व्यायाम सगळ्यांसाठी. पपईच्या पानाचा देठ पोकळ असतो, लहानपणी आपण सगळ्यांनीच त्याची पिपाणी वाजवली आहे. देठाचा चीक पूर्ण धुऊन, सुकवून, वीतभर तुकडा घ्या. तसा नसेल तर शीतपेयाची साधी नळी चालते. अर्ध्या पेल्यातल्या पाण्यात नळीचं टोक दोन बोटं खोल बुडवा आणि त्यातून 'ऊ' असा सूर सोडत खालून वर, वरून खाली जा. बुडबुडे सारखे यायला हवेत. नळीत अडलेल्या हवेचा हलका दाब पट्ट्यांना वरून आधार देतो आणि त्या कमी आपटतात. दुसरा हात घाटीवर ठेवा. चढताना ती थोडी हलेल, ते चालतं. जबड्याखाली पळाली की थांबा, घोट गिळा, पुन्हा खालून. रोज पाच मिनिटं, महिनाभर. मला फरक तिसऱ्या आठवड्यात कळला.

एवढं करूनही टीप लागत नसेल तर दोष पट्टीचा आहे, गळ्यातल्या नव्हे, पेटीवर जिथं सा धरता त्या पट्टीचा. हे मी जरा कळकळीनं सांगतो, कारण मंडळात याच्यावर भांडणं होतात. काळी चारमध्ये बाप्या माणूस गात असेल तर त्याचा वरचा सा सेकंदाला सुमारे 415 कंपनांचा येतो. पांढरी चारला 349, काळी एकला 277. बाप्या माणूस बोलतो तेव्हा त्याच्या स्वरपट्ट्या सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा हलतात. बिनतालमीच्या गळ्याकडून महिनाभर, पहाटे, थंडीत 415 मागणं हा अन्याय आहे. चांगली मान घेऊनसुद्धा प्रत्येकाला ते मिळणार नाही, आणि त्यात कमीपणा काही नाही. पट्टी का उतरवत नाहीत? कारण तबला-मृदंग चढ्या पट्टीचे घेतलेले असतात, ते हातोडीनं फार खाली येत नाहीत, ढब जाते. खालच्या पट्टीला मोठ्या तोंडाचा तबला लागतो. वर्गणीतून टाळांचे नवे जोड घेण्याआधी तो घ्या.

लोक विचारतात, लांब मानेच्या माणसाचा आवाज उंच असतो का, जाड मानेचा खर्जातला असतो का? मान बघून हे ठरवता येत नाही. स्वरपट्ट्यांची लांबी, जाडी आणि ताण यावर आवाजाची उंची ठरते. घशाची नळी लांब असली तर आवाजाचा रंग गडद होतो, स्वर खाली येत नाही. दुसरी गोष्ट मुलांची. बारा ते पंधराच्या दरम्यान पोरांची घाटी फुटते, पट्ट्या थोड्याच महिन्यांत लांब आणि जाड होतात आणि आवाज जवळपास एक सप्तक खाली उतरतो. कालपर्यंत मंडळाचा हिरा असलेलं पोरगं आज अंतऱ्याला चिरकतं आणि मोठी माणसं हसतात. हसू नका. त्या वर्षी त्याला टाळ द्या, खालच्या पट्टीत गाऊ द्या, ओरडायला लावू नका. ही दोन वर्षं गेली की ते परत गाईल. हसल्यामुळे गाणं सोडलेली दोन पोरं मी पाहिली आहेत, दोघंही आता चाळिशीत आहेत आणि देवळात मागे बसतात.

आता जिथं मान सोडून डॉक्टरांकडेच जायचं ते. बोलण्याचा आवाज तीन आठवड्यांपेक्षा जास्त घोगरा राहिला, गिळताना अडकायला लागलं, थुंकीत रक्त दिसलं, मानेवर गाठ आली, घाटीच्या खाली फुगवटा दिसला, तर काकडा संपायची वाट बघू नका. घाटीच्या खालीच गलग्रंथी (थायरॉइड) असते. ती वाढली तर श्वासनळीवर दाब येतो, आणि स्वरपट्ट्या हलवणारी एक शीर (मज्जातंतू) तिच्या अगदी मागून जाते. गलग्रंथीचं ऑपरेशन झाल्यानंतर वरचे सूर गेले असतील तर तेही डॉक्टरांना सांगा. त्या खुंटीच्या स्नायूची शीर वेगळी आहे आणि तीही तिथूनच जाते. आणि खर्रा, सुपारी-तंबाखू-चुन्याचा. खर्ऱ्यानं तोंड कमी उघडतं, जीभ ताठ होते. जिभेचं मूळ कंठिकेला बांधलेलं, म्हणजे ताठ जीभ घाटीला सुखानं हलू देत नाही. पुढे तंबाखूनं काय होतं ते आपल्या भागात प्रत्येक गावानं पाहिलं आहे. गाणाऱ्यानं खर्रा खाऊ नये. मी हात जोडून सांगतो.

एक प्रश्न राहिला होता, पहाटेचा. झोपेतून उठल्यावर पट्ट्या थोड्या फुगलेल्या आणि सैल असतात, म्हणून सकाळचा आवाज नेहमीपेक्षा खाली असतो. साडेचारला देवळात येऊन पाचला काळी चारमध्ये भूपाळी उचलायची म्हणजे त्या जड पट्ट्यांना थेट टिपेला ओढायचं. यंदा आम्ही पहिल्या दोन भूपाळ्या पेटीशिवाय म्हणतो, नुसत्या टाळावर, ज्याला जिथं सुचेल त्या खालच्या सुरात. तोवर चहा येतो, पाट आणि सतरंज्या मांडून होतात, साऊंडवाला पोरगा माईक खाली करतो. मग मी पेटी उघडतो आणि पांढरी दोनचा सा देतो.